एमएक्स-५ ची उंची बसवताना: कॉलर फिरवण्याआधी आणि नंतर

माझदा म्हटलं की माझ्या आईच्या डोळ्यांसमोर अजूनही स्वराज माझदाचा टेम्पोच येतो. त्यामुळे इंग्लंडमध्ये मी दोन सीटची, उघड्या टपाची जुनी माझदा घेतल्याचं कळलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "सामान किती मावतं रे त्यात?" गाडीची उंची कमी करतोय म्हटल्यावर दुसरा प्रश्न आला, "आधीच जमिनीला टेकली आहे ना ती?"

दुसरा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला. सहा दिवसांनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट खरवडलं, तेव्हा तो पुन्हा आठवला.

ही गाडी म्हणजे माझदा एमएक्स-५, अमेरिकेतली मियाटा. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. माझी २००१ सालची, म्हणजे दुसऱ्या पिढीतली, जिला सगळे एनबी म्हणतात. पहिल्या पिढीची एनए आणि ही एनबी, दोघींना चारही चाकांवर डबल विशबोन (चाकाला सांगाड्याशी जोडणारे, वर-खाली हलणारे दोन हात) आहेत आणि वजन हजार किलोच्या आसपास. खाली जे लिहिलंय ते या दोघींना जसंच्या तसं लागू आहे. तिसऱ्या पिढीपासून मागचं सस्पेन्शन मल्टिलिंक, म्हणजे दोनाऐवजी अनेक दांड्यांचं झालं, त्यामुळे तिथे बोल्ट आणि जागा बदलतात, पद्धत मात्र हीच राहते. ज्यांनी नवे कॉइलओव्हर बसवले आहेत, किंवा आधीच्या मालकाने बसवलेले पदरात पडले आहेत, आणि ज्यांनी अजून कॉलरला हात लावलेला नाही, अशांसाठी हा लेख आहे.

कॉलर फिरवली की नेमकं काय होतं

कॉइलओव्हर म्हणजे शॉकॲब्सॉर्बरभोवतीच गुंडाळलेली स्प्रिंग. शॉकच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात, त्या आट्यांवर एक कॉलर फिरते आणि स्प्रिंगचं खालचं टोक त्या कॉलरवर टेकलेलं असतं. कॉलर खाली घेतली की स्प्रिंग खाली सरकते आणि तिच्यावर टेकलेली गाडीही. कॉलरच्या खाली दुसरी एक कॉलर असते, ती चेकनटचं काम करते, म्हणजे वरचीला आवळून जागेवर धरून ठेवते.

इथे नवख्यांचा हमखास एक गैरसमज होतो. कॉलर वर घेतली की स्प्रिंग दाबली जाऊन कडक होते, असं वाटतं. तसं होत नाही. स्प्रिंगवर गाडीचं जेवढं वजन पडतं तेवढीच ती दबते, कॉलर कुठेही असो. ७ किलो प्रति मिलिमीटरची स्प्रिंग कॉलर तळाशी असतानाही सातचीच असते. बदलतं ते हे, की त्या वजनाखाली शॉकचा दांडा नळीत किती आत जाऊन बसतो. गाडी जितकी खाली घ्याल तितका दांडा आत, आणि खड्ड्यात चाक वर उसळलं की त्याला उरलेली जागा तितकी कमी. ती जागा संपली की दांड्यावरचा बंप स्टॉप, म्हणजे तो मऊ ठोकळा, चेपला जातो. तोही संपला की थेट दणका. एनए आणि एनबीमध्ये ही जागा मुळातच बेताची आहे. अनेकांची ‘स्पोर्टी आणि कडक’ वाटणारी गाडी प्रत्यक्षात पूर्णवेळ बंप स्टॉपवर बसून चाललेली असते.

काही महागड्या कॉइलओव्हरमध्ये नळीचं खालचं टोकही वेगळ्या आट्यांवर बसवलेलं असतं. तिथे उंची खालच्या टोकाने बदलायची आणि स्प्रिंगच्या कॉलरला हातच लावायचा नाही. त्यात शॉकची हालचाल शाबूत राहते, कारण पूर्ण नळीच लांब-आखूड होते. तुमच्याकडे कोणता प्रकार आहे ते चाक काढून बघा: खालच्या बोल्टाच्या लगेच वर एक चेकनट दिसली तर दुसरा प्रकार. माझा पहिला, साधा.

आता गणित. शॉक चाकाच्या अगदी जवळ नसतो, विशबोनवर थोडा आतल्या बाजूला बसलेला असतो. त्यामुळे चाक १० मिमी हललं तर शॉक साधारण ७ मिमी हलतो. उलट बाजूने पाहिलं तर कॉलर १० मिमी खाली घेतली की गाडी १३-१४ मिमी खाली येते. हा आकडा तोंडपाठ ठेवा. पहिल्यांदा काम करणारे जवळजवळ सगळेच इथे फसतात: २० मिमी खाली हवी म्हणून कॉलर २० मिमी उतरवतात आणि गाडी जवळपास २८ मिमी बसते.

किती खाली घ्यायची

या प्रश्नावर लोक हिरिरीने भांडतात. माझं मत सरळ आहे: दिसण्यासाठी खाली घ्यायची असेल तर २५ मिमीच्या आत राहा. वळणावर चांगली चालावी म्हणून घ्यायची असेल तरीही २५ मिमीच्या आतच राहा.

फार खाली घेतलं की गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो खरा, पण विशबोनची भूमिती त्याच्याही जास्त बिघडते आणि वळणावर गाडी आधीपेक्षा जास्त कलण्याचा प्रयत्न करते. यासाठी डोळ्यांनी करायची एक सोपी परीक्षा आहे. गाडी जमिनीवर उभी असताना खालचा विशबोन वाकून बघा. त्याचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा किंचित खाली असावं, फार तर दोन्ही एका पातळीत. चाकाकडचं टोक वर गेलेलं दिसलं तर तुम्ही मर्यादा ओलांडली आहे.

दुसरी मर्यादा रस्त्याची. ब्रिटनमध्ये स्पीडब्रेकरची उंची नियमाने २५ ते १०० मिमीच्या दरम्यान ठेवावी लागते. भारतातही गोल स्पीडब्रेकरचं अधिकृत मोजमाप १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असंच आहे. आता गल्लीतल्या मंडळींनी एका रात्रीत सिमेंट ओतून घातलेल्या बांधाला हे मोजमाप कुणी सांगायचं, हा प्रश्न वेगळा. भारतात कुठल्याही गाडीवर हे काम करायचं मनात असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा. उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करणं त्यात येतं. आणि ब्रिटनमधल्यांनो, विमा कंपनीला हा बदल आधी कळवा. न कळवता अपघात झाला तर दावा अडकतो, आणि तेव्हा ‘फक्त २० मिमी’ हे उत्तर चालत नाही.

हत्यारं

ट्रॉली जॅक, चार स्टँड (आपल्या गॅरेजातली घोडी), २१ चा गोटी पाना, टॉर्क रेंच, कॉलरला लागणारे दोन सी-पाने (एक कॉलर धरायला, दुसरा चेकनट सोडायला), तारेचा ब्रश, गंज सोडवणारं तेल, मीटर टेप, मास्किंग टेप, पेन, प्लास्टिकचे चार केबल टाय. शिवाय विनाइलच्या जुन्या फरशा आणि थोडं ग्रीस. फरश्या कशाला, ते पुढे येईलच.

तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. दोन हिवाळे काढलेली कॉलर आट्यांवर अशी चिकटते की हातोडी आणि पेचकस घ्यायचा मोह होतो. तो मोह टाळा. कॉलर बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची असते, खाच एकदा गेली की सी-पाना धरत नाही. आधी तारेच्या ब्रशने कॉलरच्या वरचे आणि खालचे आटे स्वच्छ करा, तेल मारा, सकाळी पुन्हा मारा, मग पाना लावा. पाच मिमी इकडे, पाच मिमी तिकडे असं हलवत हलवत ती सुटते.

मोजमाप: अर्धं काम इथेच

गाडीची उंची जमिनीपासून मोजू नका. टायरची झीज, हवेचा दाब, सगळं त्यात मिसळतं. चाकाच्या मधोमध असलेल्या टोपीच्या केंद्रापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. मडगार्डवर मास्किंग टेपचा तुकडा लावा, त्यावर पेनाने खूण करा आणि प्रत्येक वेळी त्याच खुणेपर्यंत मोजा. दर वेळी वेगळ्या जागी टेप धरली तर तीन-चार मिमीचा फरक फुकट पडतो.

मोजण्याआधी हवा बघा. या गाडीला चारही चाकांत २६ पीएसआय. टाकी अर्धी. डिकीतली पिशवी, छत्री, जंपर केबल, सगळं बाहेर.

मग जमीन. प्रत्येकाला आपल्या गॅरेजची फरशी सपाट वाटते. मलाही वाटायची. लहानपणी आमच्या घराचं बांधकाम चाललं होतं तेव्हा गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींची पातळी जुळवायचे, ते आठवलं. सहा मीटर नळी आणली, त्यात निळी शाई घातलेलं पाणी भरलं, नळीतला शेवटचा बुडबुडा निघून जाईपर्यंत टिचक्या मारत बसलो. मग चारही चाकांच्या जागी पाण्याची पातळी धरून पाहिली. उजव्या मागच्या कोपऱ्यात फरशी १८ मिमी खाली होती. एवढ्या फरकावर डाव्या-उजव्या उंचीची कुठलीच तुलना करण्यात अर्थ नाही. विनाइलच्या फरशा एकावर एक रचून त्या जागा समान केल्या आणि कुठे किती फरश्या ते भिंतीवर लिहून ठेवलं. हे एकदाच करावं लागतं.

आणखी एक: चालकाचं वजन. ही गाडी इतकी हलकी आहे की माणूस बसला की त्या बाजूला सात-आठ मिमी फरक पडतो. ब्रिटनमध्ये चालक उजवीकडे, म्हणजे उजवी बाजू. आपण एकाच वेळी सीटवर बसू शकत नाही आणि मडगार्डपाशी टेपही धरू शकत नाही. म्हणून माझ्या जागी बासमतीच्या २० किलोच्या चार गोण्या बसतात, दोन सीटवर, एक पाठीशी आडवी आणि एक पायाशी. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून हे बघत होते. त्यांनी काही विचारलं नाही.

माझे पहिले आकडे मिलिमीटरमध्ये असे होते: पुढे डावीकडे ३५४, उजवीकडे ३५१, मागे डावीकडे ३६०, उजवीकडे ३५६. मला पुढे ३३३ आणि मागे ३३८ हवे होते. पुढचा भाग मागच्यापेक्षा किंचित खाली असावा, ४-५ मिमी. मागचा भाग खाली बसलेली एमएक्स-५ कंबर धरून चालल्यासारखी दिसते, आणि वळणात शिरताना पुढची चाकं हलकी पडतात.

गाडी वर घेताना

पुढून उचलायची असेल तर जॅक इंजिनखालच्या आडव्या क्रॉसमेंबरच्या मधोमध, मागून उचलायची असेल तर डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गियरच्या पेटीच्या खाली. स्टँड दारांखालच्या शिवणीवर, जिथे मजबुतीच्या खाचा आहेत तिथे. पण त्याआधी बोटाने आणि मग पेचकसाच्या मुठीने ती जागा ठोकून बघा. एनबीचे सिल, म्हणजे दारांखालचे पत्र्याचे पट्टे, मागच्या चाकाच्या अलीकडे गंजतात, हा या गाडीचा जगजाहीर आजार आहे, आणि बाहेरून रंग शाबूत दिसत असताना आतून पत्रा पापडासारखा झालेला असतो. ठोकल्यावर आवाज बसका आला तर तिथे स्टँड लावू नका. सबफ्रेमखाली (सस्पेन्शन जिच्यावर बसतं त्या लोखंडी चौकटीखाली) लावा, आणि सिलचं काम आधी हाती घ्या.

मागची बाजू उचलताना एक गोष्ट विसरली जाते. हँडब्रेक मागच्या चाकांवर आहे, आणि गियरही मागचीच चाकं धरतो. ती हवेत गेली की गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय मागचा जॅक मारायचा नाही. जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही, स्टँड लावून गाडी हलवून बघायची आणि मगच. काढलेली चाकं सिलखाली आडवी सारून ठेवा, स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, तुमच्यावर नाही.

कॉलर

मला पुढे डावीकडे २१ मिमी उतरवायचं होतं. २१ ला ०.७ ने गुणलं की १५ मिमीच्या आसपास. माझ्या नळीवर आट्यांचं अंतर २ मिमी, म्हणजे एका पूर्ण फेरीत कॉलर २ मिमी सरकते. तेव्हा फेऱ्या साडेसात. साडेसाती मागे लागणार असा विनोद मी तिथेच केला होता. तो पुढे खरा ठरला.

आट्यांचं अंतर प्रत्येक किटमध्ये सारखं नसतं. नळीवर पट्टी धरून दहा आटे मोजा आणि दहाने भागा.

कॉलरवर पेनाने उभी रेघ मारा म्हणजे फेऱ्या मोजताना गोंधळ होत नाही. स्टॅबिलायझर बारची (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याची) एका बाजूची लिंक पुढे आणि मागे सोडून ठेवा, नाहीतर डावं-उजवं एकमेकांना ओढत राहतं आणि आकडे खोटे येतात. मग चेकनट सोडा, दोन बोटं खाली घ्या, कॉलर फिरवा. चारही चाकांना एकदम पूर्ण उतरवू नका, आधी ठरवलेल्याच्या तीन-चतुर्थांश. खाली घेणं सोपं, परत वर घेताना गाडीचं वजन नसलं तरी स्प्रिंगचा दाब अंगावर येतो.

चाक पूर्ण लोंबकळत असताना स्प्रिंग हाताने हलवून बघा. ती सैल झाली असेल, वर-खाली खुळखुळत असेल, तर थांबा. कॉलर फारच उतरली आहे. उडालेल्या गाडीखाली ती स्प्रिंग बैठकीवरून सरकू शकते. अशा वेळी एक तर थोडं वर या, नाहीतर किटबरोबर मिळणारी छोटी हेल्पर स्प्रिंग बसवा.

खाली उतरवण्याआधी शॉकच्या दांड्यावर एक केबल टाय घट्ट बांधा आणि तो नळीच्या तोंडापर्यंत सरकवून ठेवा. गाडी धावल्यावर दांडा आत जाईल तेव्हा नळीचं तोंड या टायला वर ढकलत नेईल, आणि परत आल्यावर टाय तिथेच राहील. एका आठवड्याने कळेल की दांडा सगळ्यात जास्त किती आत गेला. दहा पैशांचा तुकडा, पण मला तरी याच्याइतका खरं बोलणारा दुसरा साक्षीदार माहीत नाही.

मी जिथे चुकलो

जॅक सोडला, गाडी खाली आली, मी लगेच टेप लावली. ३४९. साडेसात फेऱ्या मारून जेमतेम ५ मिमी? गणित चुकलं असणार म्हणून परत वर घेतली, आणखी पाच फेऱ्या. पुन्हा खाली, पुन्हा टेप, ३४०. जरा जास्त, पण उद्या बघू म्हणून झोपलो. सकाळी गाडी बाहेर काढून मागे-पुढे केली, फिरून आलो. मडगार्ड टायरला ओठ टेकवायच्या बेतात. मोजलं तर ३१९. तशीच सहा दिवस चालवली, कारण दिसायला झकास दिसत होती.

गणित मुळात बरोबर होतं. चूक होती ती घाई. चाक हवेत लोंबतं तेव्हा विशबोनच्या भूमितीमुळे ते थोडं आत ओढलेलं असतं. गाडी खाली येते तेव्हा त्याला बाहेर सरकायचं असतं, पण टायर जमिनीला चिकटतो आणि सरकत नाही. त्यामुळे गाडी पंधरा-वीस मिमी वर अडकून राहते. चाकं थोडी फिरली की ती आपसूक खाली बसते.

उपाय दोन. एक तर गाडी खाली घेतल्यावर पाच मीटर पुढे, पाच मीटर मागे, असं दोन-तीनदा ढकला आणि प्रत्येक कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडा. दुसरा, जागा नसेल तर: प्रत्येक चाकाखाली दोन विनाइलच्या फरश्या, मध्ये ग्रीसचा थर. वरची फरशी खालच्यावर घसरते, चाक हवं तिकडे सरकतं आणि गाडी तिथल्या तिथे बसते. मी आता हाच वापरतो. फक्त फरश्यांवर गाडी असताना ठोकळे लावून ठेवा, ती खरंच घसरते.

बसलेल्या गाडीचे आकडे घ्या, उरलेला एक-चतुर्थांश फरक काढा, पुन्हा एकदा वर, पुन्हा खाली. दुसऱ्या फेरीत माझे आकडे ३३३, ३३२, ३३९, ३३७ असे आले. तिथे मी थांबलो. एक सूत म्हणजे ३ मिमी, आणि एका सुताच्या आतला फरक वीस वर्षांच्या पत्र्यावर शोधत बसू नये. मडगार्ड कधीतरी ठोकून सरळ केलेलं असतं, ते दोन्ही बाजूंना सारखं असेलच असं नाही. शंका आली तर सिलच्या शिवणीची जमिनीपासूनची उंचीही मोजून ताडून बघा.

रबरी बुश: लोक हमखास गाळतात ती पायरी

विशबोन ज्या बोल्टांवर हलतात तिथे रबरी बुश आहेत. त्यांच्या आतली धातूची नळी बोल्टाने घट्ट आवळलेली असते, बाहेरची नळी विशबोनमध्ये, आणि मधलं रबर दोघींना चिकटलेलं. विशबोन हलतो तेव्हा रबर पिळलं जातं, घसरत नाही. म्हणून गाडी ज्या उंचीवर उभी राहते, त्या उंचीवर रबर पिळाशिवाय असायला हवं. तुम्ही गाडी २० मिमी खाली घेतलीत तर सगळी बुश सतत पिळलेल्या अवस्थेत उभी राहतात. चारही कोपऱ्यांत जास्तीची छोटी स्प्रिंग लावल्यासारखं होतं, उंचीचे आकडे भरकटतात आणि रबर लवकर फाटतं.

म्हणून गाडी चाकांवर उभी असताना, रॅम्पवर किंवा रुंद भक्कम ठोकळ्यांवर चढवून, हे बोल्ट सैल करायचे, गाडी दाबून हलवायची आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कने पुन्हा आवळायचे. शॉकचा खालचा बोल्टही त्यातच आला. वरच्या विशबोनचे बोल्ट सरळ आहेत. खालच्याचे मात्र एक्सेंट्रिक आहेत, त्यांच्या फिरण्यावरच चाकाचा कोन ठरतो. सैल करण्याआधी वॉशर आणि फ्रेमवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा आणि त्याच रेघेवर आवळा. हे बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव झालेले असणं ही जुन्या एमएक्स-५ मधली नेहमीची गोष्ट आहे. फिरत नसतील तर जबरदस्ती करू नका. नवे बोल्ट आणि बुश हा वेगळ्या रविवारचा, बराच मोठा विषय आहे.

स्टॅबिलायझरच्या लिंकही आता, गाडी जमिनीवर असतानाच जोडा. चेकनट चारही आवळल्या का ते बघा. चाकाच्या नटांना टॉर्क ८८ ते ११८ न्यूटन-मीटरच्या मध्ये, मी ११० ठेवतो.

तिरकं वजन

एका डुगडुगणाऱ्या चौरंगाची कल्पना करा. एका पायाखाली कागदाची घडी सारली की तो पाय आणि त्याच्या तिरक्या समोरचा पाय जास्त भार घेतात, उरलेले दोन हलके होतात. गाडीचंही तेच. पुढची डावी कॉलर वर घेतलीत तर पुढचं डावं आणि मागचं उजवं, दोन्ही जड होतात. उंचीचे आकडे जवळपास तेच राहूनही हा भार बदललेला असू शकतो, आणि मग गाडी डावीकडे एक वळते, उजवीकडे दुसरी.

याला चार वजनकाटे लागतात, प्रत्येक चाकाखाली एक. दोन्ही तिरक्या जोड्यांचं वजन निम्मं-निम्मं आणायचं. ट्रॅकवर गाडी नेणार असाल तर एकदा करून घ्या. रोजच्या वापराला सपाट जमिनीवर एका सुतात आलेली उंची पुरते.

अलाइनमेंट आणि दिवे

गाडी खाली घेतली की चाकांचा वरचा भाग आत कलतो (हा कॅम्बर) आणि टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं आत की बाहेर वळली आहेत ते, बदलतो. अलाइनमेंट, म्हणजे हे कोन जुळवून घेणं, न करता चालवली तर टायरची आतली कड लवकर गुळगुळीत होते, आणि बाहेरून टायर नवा दिसत राहतो. मी पुढे उणे १ अंश, मागे उणे १.५ अंश कॅम्बर ठेवला, पुढचा टो शून्य, मागचा किंचित आत. तांदळाच्या गोण्या अलाइनमेंटच्या दुकानातही घेऊन गेलो. तिथला पोरगा आधी हसला, मग त्यानेच त्या सीटवर रचून दिल्या. मात्र आधी गाडी किमान एक आठवडा चालवा. नवी स्प्रिंग आणि नव्याने आवळलेली बुश अजून दोन-तीन मिमी बसतात, आणि उंची बदलली की अलाइनमेंटचे पैसे वाया.

हेडलाइट विसरू नका. पुढचा भाग मागच्यापेक्षा जास्त खाली गेला की झोत रस्त्यात घुसतो. ब्रिटनमध्ये वार्षिक एमओटी तपासणीत दिव्यांचा कोन बघतात, आणि उंची बदलल्यावर लोक नापास होतात ते बऱ्याचदा एवढ्याशा स्क्रूमुळे.

पहिली फेरी

आधी जागेवर उभं राहून स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, टायर आतल्या प्लास्टिकला लागतो का बघा. ब्रेकच्या नळ्या आणि एबीएसची तार ताणली गेली नाही ना, तेही. मग ओळखीच्या रस्त्यावर, हळू. कुठे खट्ट आवाज आला तर बहुतेक चेकनट किंवा लिंकचा नट. घासल्याचा आवाज आला तर टायर. पन्नास मैलांनी चाकाचे नट पुन्हा टॉर्कला आणि चेकनट पुन्हा हाताखालून घाला.

आठवड्याने चाक काढून केबल टाय बघितले. पुढचे दोन्ही बंप स्टॉपच्या अलीकडे साधारण १२ मिमीवर थांबले होते. मागचा डावा थेट ठोकळ्यापर्यंत जाऊन चपटा झाला होता. मागची दोन्ही बाजू मी दोन-दोन फेऱ्यांनी वर घेतली. मागे आता ३४३ आहे, पुढे ३३३. माझ्या मूळ आकड्यापेक्षा ५ मिमी जास्त, पण गल्लीच्या तोंडाचा तो स्पीडब्रेकर आता गाडी न खरवडता ओलांडते, फक्त मला तिरकं जावं लागतं. तांदळाच्या गोण्यांपैकी एक अजून गॅरेजातच आहे.